पिवळं वाचणाऱ्या मशीनची शिसारी

मित्रांनो, रक्त तपासणाऱ्या लॅबच्या मागच्या खोलीत, फडताळाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, फाटक्या प्लॅस्टिकखाली जी करडी पेटी दिसते ना, ती मी. घाबरू नका, जवळ या. माझ्यात आता रक्त नाही, औषध नाही, वीजही नाही. झुरळांची वस्ती तेवढी आहे, आणि तिची शिसारी तुमच्यापेक्षा मलाच जास्त येते. पण शिसारीबद्दल बोलायचं तर झुरळांपासून सुरुवात करणं बरं नव्हे. त्या बिचाऱ्यांनी कुणाचं वाईट केलं नाही.

मी रंग वाचणारी मशीन आहे. रंगही सगळे नाही, एकच, पिवळा. तांबडं, हिरवं, जांभळं मला मोजता येत नाही. मला मोजता येतं ते इतकंच, की समोरच्या थेंबात पिवळं किती आहे. कमी आहे, जास्त आहे, की मुळीच नाही. एवढ्याशा अकलेवर मी आयुष्य काढलं आणि त्यात मला कमीपणा कधी वाटला नाही. एक काम नीट करावं, रोज करावं, आणि त्यात लबाडी करू नये, असं मी मानत आले.

माझा जन्म अशा कारखान्यात झाला जिथे माणसं डोक्याला टोपी आणि तोंडाला फडकं बांधून वावरत. माझ्या पोटात एक दिवा बसवला, दिव्यापुढे निळी काच आणि काचेपलीकडे एक डोळा. ज्या बाईनं तो डोळा बसवला, तिनं बसवताना श्वास रोखून धरला होता. वाफ काचेवर बसू नये म्हणून. जन्मल्याबरोबर मिळालेला तो मान मी विसरलेले नाही. पुढे ज्यांच्या हाती पडले, त्यांनी माझ्या तोंडावर शिंकासुद्धा दिल्या.

लॅब एका अरुंद गल्लीत, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. पुढे काउंटर आणि एक लांब बाक. मध्ये विरळ पडदा, त्यातून मला पुढचं सगळं दिसायचं; पडद्याआड रक्त घ्यायची खुर्ची. मागे मी, बेसिन, फ्रीज आणि दिवसभर गरगरणारी माझी शेजारीण. तिच्यात रक्ताच्या नळ्या ठेवायच्या, ती फिरवायची, की लाल भाग तळाशी बसून वर फिकट पाणी सुटायचं. त्याला सीरम म्हणतात. त्या सीरमचा एक थेंब माझ्या वाट्याला यायचा.

तो कसा, ते सांगते. एक पारदर्शक प्लेट असते, तिच्यात शंभराला चार कमी अशी बारकी घरं. घराच्या तळाला एक प्रथिन चिकटवलेलं असतं. त्यावर माणसाचं सीरम टाकायचं. त्यात अँटिबॉडी असतील तर त्या तळाला चिकटून बसतात. मग धुवायचं, दुसरं औषध टाकायचं, पुन्हा धुवायचं, मग एक बिनरंगी पाणी घालायचं. अँटिबॉडी असलेल्या घरात ते निळं होतं आणि शेवटी आम्लाचा थेंब पडला की पिवळं. जितक्या अँटिबॉडी, तितकं पिवळं गडद.

आता या अँटिबॉडी कसल्या? गहू, जव यांसारख्या धान्यांत ग्लुटेन नावाचा एक चिकट पदार्थ असतो. बहुतेकांना तो सोसतो. काहींच्या शरीराला मात्र तो शत्रू वाटतो. शरीर त्याच्यावर सैन्य सोडतं आणि ते सैन्य शत्रूला मारता मारता स्वतःच्याच आतड्याच्या भिंती पाडायला लागतं. या आजाराला सीलिअ‍ॅक म्हणतात. त्या सैन्यातले शिपाई रक्तात हिंडतात. तेच मी मोजते. गहू पोटात जाणं बंद झालं, की हळूहळू शिपाई कमी होतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा. मोठमोठ्या माणसांनी ती ध्यानात ठेवली नाही, म्हणून तर मला आज तोंड उघडावं लागलं.

सुरुवातीची वर्षं सोन्यासारखी गेली. लॅबमधल्या ताई रोज सकाळी हात धुऊन, मऊ फडक्यानं मला पुसत. आधी कोरी प्लेट वाचायला देत. मग ज्यांचं उत्तर आधीच ठाऊक आहे असे दोन नमुने, एक हो म्हणणारा आणि एक नाही म्हणणारा. त्यांना कंट्रोल म्हणतात. ते जागच्या जागी आले, तरच पुढचं काम. एखादी बाई देवापुढे दिवा लावल्याशिवाय चुलीला हात लावत नाही ना, तसा तो ताईंचा नेम होता. शिवाय या तपासणीला कुणी आलं, की सुई टोचण्याआधी ताई विचारत, “गव्हाचं खाणं चालू आहे ना? बंद तर नाही केलं?” बंद केलं असेल तर रक्त घेत नसत, डॉक्टरांकडे परत पाठवत. रुग्ण कुरकुरत, पण ताई हसून म्हणत, “चोर पळून गेल्यावर पोलीस बोलावून काय सापडणार हो?”

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “तुमचा रिपोर्ट असला की मी डोळे झाकून सही करते.” तेव्हा मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आता वाटतं, झाकायचे नव्हते.

मग लॅबचे म्हातारे मालक गेले आणि सगळा कारभार त्यांच्या जावयाच्या हाती आला. सगळे त्यांना जावईबापू म्हणत. माणूस दिसायला स्वच्छ. कडक इस्त्री, चकाकते बूट, केसांना सुगंधी तेल. आणि सवयी अशा, की सांगताना माझी पेटी शहारते. माझ्याच टेबलावर चहाचा कप ठेवायचे. बिस्किट चहात बुडवायचे, ते निम्मं कपात पडायचं, मग दोन बोटं घालून ते बाहेर काढायचे, चोखायचे, आणि तीच बोटं जिभेला लावून रिपोर्टची पानं उलटायचे. ज्या टेबलावर गव्हाच्या आजाराचा निवाडा व्हायचा, त्या टेबलावर गव्हाचा चुरा! ताई हळूच पुसून घेत. “अहो, इथे खाऊ नये,” एकदा म्हणाल्या. “ताई, मशीनला दृष्ट लागते का?” असं म्हणून त्यांनी माझ्या झाकणावर थाप मारली. ओली थाप. तिचा चिकटपणा कितीतरी दिवस माझ्या अंगावर होता.

पण चिकटपणा पुसला तर जातो. न पुसला जाणारा ओंगळपणा वेगळाच. बाकावरची रांग पाहून जावईबापूंचा जीव वरखाली व्हायचा. एके दिवशी पडद्याआडून ताईंचा प्रश्न ऐकून ते म्हणाले, “तुम्ही रक्त घेता की मुलाखत घेता? सुई टोचा आणि पुढचा बोलवा. खाण्यापिण्याचं डॉक्टर बघतील.”

“पण विचारल्याशिवाय—”

“चालतंय हो!”

मित्रांनो, जगात रक्त असतं, पू असतो, उलटी असते, आणखीही पुष्कळ असतं जे पाहून तुम्ही नाक मुरडता. मी ते सगळं या खोलीत पाहिलं आहे आणि त्यातलं काहीच मला घाण वाटलं नाही. ते सगळं माणसाच्या आतलंच आहे. मला मळमळायला लागलं ते ‘चालतंय’ या शब्दानं. ताईंनी मान खाली घालून सुई उचलली. विचारणं बंद झालं.

अशातच एक आई आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी दहा वर्षांची, पण सहाची वाटावी इतकी लहान. घरात तिला चिमूट म्हणत. मीठ घ्यावं तेवढीच होती म्हणून. काउंटरवरून तिचं नुसतं भांगाचं टोक दिसायचं. आईच्या हातात एक पिशवी आणि पिशवीत कपड्यांचा जादा जोड, वाटेत काही झालं तर बदलायला. पण त्या दिवशी काही झालं नाही. चिमूट न्हाऊनमाखून आली होती, गालावर जराशी लाली होती.

“आज बरी आहे देवाच्या कृपेनं,” आई म्हणाली. “एरवी हिच्या पोटाचं विचारू नका.”

ताई विचारणारच होत्या. ओठ उघडलेलेसुद्धा मी पाहिले. तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “पुढचा!” ताईंनी ओठ मिटले आणि सुई टोचली.

प्लेटमधलं चिमूटचं घर माझ्यापुढे आलं तेव्हा त्यात पिवळ्याचा नुसता भास होता. मी जे होतं ते वाचलं. निगेटिव्ह.

रिपोर्ट न्यायला आईबरोबर चिमूटची आत्या आली. या आत्याबाई मुलींच्या एका वसतिगृहाच्या प्रमुख होत्या. ताठ मान, मनगटावर घट्ट घड्याळ, आणि आवाज असा की बाकावर बसलेली अनोळखी माणसंसुद्धा सावरून बसली. त्यांनी कागद वाचला आणि तिथेच काउंटरसमोर फडकवला.

“बघ वहिनी! मशीनच सांगतंय. पोरीला धाड भरलेली नाही.”

“पण वन्सं, तिचं पोट खरंच फुगतं हो. रात्र रात्र कण्हते.”

“नाटकं! रोज उठून संडासात ठाण मांडायचं, कपडे खराब करायचे, घरभर वास. शी! मला तर तुमच्याकडे जेवायला बसवत नाही. दहा वर्षांची घोडी झाली! माझ्याकडे पाठव. सत्तर पोरी आहेत. एकीची पोट दुखतं म्हणायची टाप नाही. ताटात पडेल ते गुमान खातात.”

चिमूट आईच्या पदराआड उभी होती. तिनं कुणाकडेच पाहिलं नाही. फरशीकडे पाहत राहिली.

माझ्या नावावर ते सगळं चाललं होतं. मी एका थेंबाबद्दल बोलले होते. त्या थेंबावरून या बाईनं एका मुलीला खोटारडी ठरवलं. मी कधी म्हटलं होतं की हिचं पोट दुखत नाही? ‘मशीनच सांगतंय’ म्हणत ती माझ्या आड उभी राहिली, तेव्हा मला माझ्याच काचेची शिसारी आली. डॉक्टरीणबाईंनीही कागद पाहिला, सही केली आणि सीलिअ‍ॅक नाही, दुसरं काही शोधू म्हणाल्या. आत्याबाईंनी त्यातलं ‘नाही’ तेवढं उचललं. शाळेचं वर्ष संपलं की चिमूटची रवानगी वसतिगृहात, असं ठरलं. तोपर्यंत सवय व्हावी म्हणून आत्याबाई स्वतः भावाच्या घरी येऊन राहिल्या.

पुढे काही महिन्यांनी आत्याबाईच चिमूटला घेऊन आल्या. वसतिगृहाच्या दाखल्यासाठी रक्त तपासायचं होतं. मी तिला ओळखलंच नाही. डोळ्यांखाली काळं, हातापायांच्या काड्या आणि पोट मात्र फुग्यासारखं. ताईंनी दोन नळ्या रक्त घेतलं, त्यातली एक सीरमसाठी शेजारणीकडे दिली. चिमूट खुर्चीवरून उठली, दोन पावलं चालली, आणि पडद्यापाशीच तिला भडभडून उलटी झाली.

“शी शी शी!” जावईबापू उडी मारून मागे सरले. “आत्ताच पुसलेली फरशी! बूट गेले माझे. पोर आजारी असताना आणावं कशाला इथे?”

“आजारी नाही ती,” आत्याबाईंनी रुमाल नाकाला लावला. “सकाळी समोर बसवून पाव खायला घातला, त्याचा राग काढतेय. रोजचं आहे हे. पण मीही खमकी आहे. रोज घालते.”

ताई बादली घेऊन आल्या आणि चिमूटजवळ उकिडव्या बसल्या. आधी तिचं तोंड पुसलं. मला ते दृश्य अजून दिसतं. तिथे उभ्या असलेल्या तीन मोठ्या माणसांत, त्या घाणीजवळ खाली बसलेली तेवढीच एक होती.

चिमूट बारीक आवाजात म्हणाली, “मागच्या वेळी मला असं झालं नव्हतं ना? तेव्हा आई पाव देतच नव्हती. बिस्किट पण नाही. मला तेव्हा किती छान वाटत होतं.”

ताईंचा हात थांबला. “कधीपासून देत नव्हती गं?”

“डॉक्टरबाईंनी इथली तारीख दिली ना, त्या कितीतरी दिवस गावाला जाणार होत्या म्हणून लांबची दिली. तेव्हापासून. सगळी सुट्टी, आणि शाळा सुरू झाल्यावरही किती महिने. नुसता भात आणि बटाटे आणि फळं.”

ताई उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातातल्या फडक्यातून पाणी ठिबकत होतं. “जावईबापू, हिचा मागचा रिपोर्ट खोटा आहे.”

“हळू बोला! मशीननं दिलेला रिपोर्ट खोटा कसा?”

“मशीननं जे होतं ते सांगितलं. गहू कितीतरी महिने बंद असलेल्या पोरीचं रक्त आपण घेतलं, आणि विचारलं नाही. मी विचारलं नाही. डॉक्टरांना फोन लावते.”

“आणि काय सांगणार? आपण चुकलो म्हणून? लॅबचं नाव जाईल!”

“नावाचं नंतर बघू. आधी फोन, मग फरशी.”

जावईबापू फोनच्या आडवे आले नाहीत एवढंच. दाराशी उभे राहून कागदानं बूट पुसत बसले. पोरगी भिंतीला टेकून थरथरत होती, आणि हा माणूस बूट पुसत होता! माझ्यात वीज होती तोवर मला ओरडावंसं कधी वाटलं असेल, तर तेव्हा.

फोनमधून डॉक्टरीणबाईंचा आवाज खोलीभर ऐकू आला. “विचारलं नव्हतं म्हणजे? अहो, तुम्ही विचारता या भरवशावर मी विचारलं नाही! त्या कागदावर मी पोरीचा सीलिअ‍ॅकचा विषय बंद केला... आता गहू खातेय का?”

“रोज,” ताई म्हणाल्या. “जबरदस्तीनं.”

“किती महिने?”

“तो रिपोर्ट गेल्यापासून.”

डॉक्टरीणबाईंनी भराभर सांगितलं. “मग आत्ताच्याच सीरमवर लावा. एकूण आयजीए पण लावा. काहींच्या रक्तात या जातीच्या अँटिबॉडी मुळातच कमी असतात, मग ही तपासणी पुन्हा फसवते. आणि तिला घरी पाठवा, माझ्याकडे आणायला सांगा. आजच.”

आत्याबाईंनी रुमाल खाली घेतला होता. “म्हणजे मी रोज पाव घातला, ते चांगलंच झालं म्हणायचं?”

“तपासणीसाठी चांगलं झालं,” ताई म्हणाल्या. “पोरीसाठी नाही.”

त्या दिवशी ताईंनी प्लेट लावली ती जुन्या नेमानं. कोरी प्लेट आधी, कंट्रोल मग. प्रत्येक धुणं नीट, प्रत्येक थेंब सावकाश. चिमूटच्या घरात बिनरंगी पाणी पडलं आणि बघता बघता ते गडद निळं झालं. आम्ल पडल्यावर जे पिवळं आलं, ते माझ्या मोजमापात मावेना. पावसाळ्यात साचलेल्या डबक्यावर कुठून कुठून येऊन बसलेल्या माश्यांसारखे ते शिपाई त्या एवढ्याशा घरात दाटले होते. इतकी वर्षं पिवळं वाचलं, पण त्या पिवळ्याचा मला अगदी वीट आला. ते एका लहान मुलीच्या पोटात दररोज, बळजबरीनं, घास घास करून पिकवलेलं होतं.

“किट खराब असेल,” जावईबापू पाठीमागून म्हणाले.

ताईंनी कंट्रोलचे आकडे दाखवले. दोन्ही जागच्या जागी. सीरम पातळ करून पुन्हा लावलं, तेव्हा कुठे आकडा पकडीत आला. आयजीएही ठीक होतं. जावईबापूंनी बिस्किटाचा पुडा उचलला आणि बाहेर गेले.

चिमूटची आई धावत आली ती तशीच, घरातल्या चपला घालून. सगळं ऐकून बाकावर बसली.

“मी तिला स्वच्छ आणली होती हो,” ती म्हणाली. “गव्हाचं खाल्लं की तिला होतं, एवढं मला दिसत होतं. म्हटलं, परक्यांच्या दारात जायचं, तिथे पोरीची शोभा नको. पाहुणे यायच्या आधी घर आवरतो ना आपण, तसं. मला वाटलं रक्तही जरा चांगलं येईल.”

तिच्या बोलण्याची मला किळस आली नाही. आई होती. लेकराला ज्यानं त्रास होतो ते देऊ नये, याहून वेगळं तिला काय सुचणार? एक प्रश्न वेळेवर विचारला असता, तर तिनं सगळं सांगितलं असतं. तिला लपवायचं काहीच नव्हतं. तिला लाजायला आपणच शिकवलं होतं. वास आला की तोंड फिरवून.

मोठ्या इस्पितळात नळी घालून आतडं पाहिलं, तिथेही तेच निघालं. चिमूटचा गहू जन्मभरासाठी बंद झाला. वसतिगृहाची गोष्ट निघालीच नाही. सामाईक स्वयंपाकघरात पिठाचा एक कणही चालणार नव्हता. आत्याबाई त्याच आठवड्यात आपल्या कामावर परत गेल्या. जाताना काही बोलल्या असतील तर मला ठाऊक नाही.

यानंतर चिमूट मला अधूनमधून भेटत राहिली. पिवळं ओसरतंय की नाही, ते पाहायला डॉक्टरीणबाई तिला पाठवत. पहिल्यांदा थोडं उतरलं. पुढच्या खेपेला अडलं, तिथेच घुटमळलं. पूर्वी असतं तर कुणी म्हणालं असतं, चोरून खात असेल कार्टी. पण आता ताई पुन्हा विचारत होत्या, आणि आई सांगत होती. सांगता सांगता आईच थबकली. तांदळाचं पीठ वेगळं, डबा वेगळा, पण चाळणी? चाळणी तीच, गव्हाच्या पिठाची! “अगं बाई,” म्हणून तिनं कपाळावर हात मारला. नवी चाळणी आली. पिवळं पुन्हा उतरायला लागलं, आणि चिमूट चढायला लागली. आधी काउंटरवर तिचे डोळे आले, मग हनुवटी, मग कोपरं टेकून ती ताईंशी गप्पा मारायला लागली. एका खेपेला तिच्या घरात पिवळं वाचायला गेले, तर काहीच सापडलं नाही. गहू बंद असताना न सापडणं म्हणजे काय, हे आता खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. ताईंनी तिला उचलून गरकन फिरवलं. “खाली ठेवा,” ती म्हणाली, “मी आता जड झालेय.”

इथे माझी गोष्ट संपवायला मला आवडलं असतं. पण हा आजार रक्ताच्या नात्यात असू शकतो. डॉक्टरीणबाईंनी आईवडिलांची तपासणी करवली. दोघांची निगेटिव्ह आली. मग चिमूटच्या वडिलांकडून त्यांच्या कानावर गेलं, की आत्याबाई साध्या ठेचेनं पडल्या आणि मनगट मोडलं. रक्त तर आयुष्यभर कमीच. आतड्यानं अन्न शोषलं नाही, की हाडं आणि रक्त दोन्ही खंगतात. “बहिणीला पाठवा,” त्या म्हणाल्या.

आत्याबाई आल्या. एका हाताला प्लास्टर, मान तशीच ताठ. सोबत चिमूट होती, पिशवी धरायला.

“गव्हाचं खाणं चालू आहे?” ताईंनी विचारलं.

“मी काही टाकत नाही. कधीच नाही,” आत्याबाई म्हणाल्या.

खरं सांगू? त्या बाईचं सीरम माझ्यासमोर येऊ नये असं मला वाटत होतं. इतका तिटकारा माझ्या मनात साठला होता. जी रुमालाआडून शी म्हणाली, जिनं लेकराच्या तोंडात रोज विष कोंबलं, तिचा थेंब मी का वाचावा? पण मशीनला निवड नसते. प्लेट आत सरकली, दिवा लागला.

तिचं घर पिवळं होतं. चिमूटच्या त्या गडद पिवळ्याइतकं नाही, पण जुनं, मुरलेलं वाटावं असं.

रिपोर्ट ऐकून आत्याबाई बाकावर बसल्या त्या बसल्याच. चिमूट त्यांना म्हणाली, “आत्या, तुझं पण पोट दुखायचं?”

“रोज.”

“मग सांगितलं नाहीस?”

आत्याबाई प्लास्टरकडे पाहत राहिल्या. “आमच्याकडे दुखतं म्हणायची सोय नव्हती गं. लहानपणी एकदा म्हणाले, तर सगळ्यांसमोर उभं केलं आणि पुन्हा तेच ताटात वाढलं. म्हटलं, असंच असतं. सगळ्यांचंच दुखत असेल, बाकीचे नाटकं करत नाहीत एवढंच.”

चिमूटनं त्यांना माफ केलं नाही, निदान मला तसं दिसलं नाही. नुसती त्यांच्या शेजारी बसली, मध्ये पिशवी ठेवून.

माझी शिसारी कुठे गेली म्हणाल, तर कुठेही गेली नाही. फक्त त्या बाईवरून उठली. त्या बाईला लहानपणी ज्यांनी उभं केलं, त्यांच्यावर गेली. तिथेही ती टिकेल का, सांगता येत नाही. त्यांनाही कुणी उभं केलं असेल. सोसणाऱ्याला घाण म्हणायचं आणि सोसायला लावणाऱ्याला शिस्त, ही जी रीत आहे ना, तिचा मला उबग आला आहे, आणि तो मी तुमच्यापासून लपवणार नाही.

पुढे नवी मशीन आली. ती स्वतःच थेंब घेते, स्वतःच धुते, स्वतःच वाचते. मला इथे वर ठेवलं. माझी तक्रार नाही. फक्त माझी वायर कुणीतरी उगीच कापून नेली, ते बरं केलं नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. गहू सोसत नाही असा संशय आला, तर आपल्या मनानं तो बंद करून रक्त द्यायला जाऊ नका. आधी डॉक्टरांना सगळं सांगा. काय खाल्लं, काय सोडलं, कधीपासून. त्यात लाजण्यासारखं काही नाही. संडासाचं सांगायलाही लाजू नका. तुमच्या डॉक्टरांनी त्याहून वाईट ऐकलेलं असतं. आणि तुमच्या वर्गात कुणी पोट धरून बसलं, कुणाचे कपडे खराब झाले, कुणाजवळ वास आला, तर नाकाला रुमाल लावायच्या आधी त्याच्याशेजारी जाऊन बसा. त्याला विचारा. तो जे सांगेल ते खरं धरा. आणि त्याच्या हातात ‘काही नाही’ असा कागद असला, तरीही खरं धरा.